पाणी मोजायचं कधी, कसं आणि किती वर्षं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात नदी-तळ्यांचं पाणी गावकऱ्यांनी स्वतःच नियमित तपासण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न परत परत आलेत ते निवडलेत. मी स्वतः गेली काही वर्षं एका छोट्या ग्रुपबरोबर महिन्याला नदीवर जाते, त्यामुळे काही गोष्टी पुस्तकातल्या आहेत आणि काही घाटावर उभं राहून शिकलेल्या.

प्रश्न : आम्ही देहू-आळंदी पट्ट्यातले सात-आठ जण इंद्रायणीचं पाणी तपासायला लागलोय. पाण्यातल्या ऑक्सिजनचं किट आणलंय. रविवारी दुपारी दोनला मोजलं तर ९ आलं, आणि ५ च्या वर म्हणजे चांगलं असं वाचलं होतं. पण समोर फेस तरंगत होता, वास मारत होता. किट खराब आहे की आमचंच काही चुकलं?

दादा, किट बहुतेक बरोबर आहे आणि तुम्हीही चुकला नाहीत, फक्त दुपारी दोनला मोजलंत तिथे गोम आहे.

पाणी स्वतःहून किती ऑक्सिजन धरू शकतं हे तापमानावर असतं, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. उन्हाळ्यात दुपारी आपल्या नदीचं पाणी ३० च्या आसपास असणारच, म्हणजे साडेसातच्या वर जो दीड आला तो हवेतून नाही आला, तो शेवाळानं तयार केलाय. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फेट आलं की शेवाळ माजतं, दिवसभर उन्हात ते ऑक्सिजन सोडत राहतं आणि दुपारी आकडा एकदम झकास दिसतो. रात्री मात्र ऊन नाही, मग तेच शेवाळ ऑक्सिजन खायला लागतं, खालचा गाळ खातो, जिवाणू खातात, आणि पहाटेपर्यंत पाणी पार रिकामं होतं. मासे मरतात ते बहुतेक पहाटे, आणि आपल्याला दिसतात सकाळी फिरायला गेल्यावर. म्हणून दुपारचे ९ बघून हायसं वाटून घेऊ नका, उलट इतका जास्त आकडा ही सांडपाण्याचीच खूण समजा.

आम्ही सुरुवातीला हीच चूक केली होती. रविवार सोयीचा, जेवण करून तीनला निघायचं, आणि आकडे छान यायचे. मग आमच्यातल्या एकीने हट्ट धरला की एकदा उजाडायच्या आधी जाऊ. त्या वेळी आम्ही विंकलर पद्धतीनेच करायचो (१८८८ सालची पद्धत, अजून चालते). काचेची बाटली पाण्यात बुडवून, एकही बुडबुडा न राहू देता भरायची, त्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग दुसरं अल्कलीचं द्रावण टाकायचं, बूच लावून उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर ढगासारखा तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. त्या पहाटे टॉर्चच्या उजेडात आम्ही बाटली हलवतोय, हलवतोय, आणि साका पांढराशुभ्र. एकाला वाटलं केमिकल जुनं झालं असेल म्हणून नवीन बाटली फोडली, तरी पांढराच. कोणी काही बोललं नाही. तीच जागा, आदल्या दुपारी तिथेच गडद तपकिरी आला होता.

तर वेळ ठरवा. शक्यतो सूर्योदयाच्या आसपास, आणि नेहमी तीच. वर्षातून एक-दोनदा जमलं तर पहाट, दुपार, संध्याकाळ असं दिवसभर दर तीन तासांनी मोजा, पहाट आणि दुपारमधला फरक जितका मोठा तितकं शेवाळ जास्त. आणि वहीत आकड्याशेजारी वेळ आणि पाण्याचं तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा लिहूच नका, त्याला अर्थ नाही.

फेसाचं म्हणाल तर डिटर्जंटसारखी द्रव्यं पाण्यात असली की बंधाऱ्यावरून पडताना पाणी घुसळलं जातं आणि फेस होतो, म्हणजे फेस बंधाऱ्याखाली दिसला तरी त्याचं कारण वर कुठेतरी आहे. वारीच्या दिवसांत लोक ते पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतात हे बघवत नाही. आंघोळीच्या पाण्याचे आपल्याकडचे निकष असे की ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो) ३ मिलिग्रॅम किंवा कमी, आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत, फार तर २५०० पर्यंत. हे प्यायच्या पाण्याचे नाहीत, फक्त बुडी मारायच्या पाण्याचे, हे घाटावरच्या लोकांना सांगा.

प्रश्न : प्रदूषण नियंत्रण मंडळ पाणी तपासतंच ना? मग आम्ही कशाला वेळ घालवायचा, आणि आमचे आकडे कोर्टात कोण मानणार?

हा प्रश्न वैतागून विचारलाय हे कळतंय, आणि वैताग खोटा नाही. पण सरकारी मोजणीला नावं ठेवून आपलं काम होत नाही. १९७४ ला पाणी कायदा आला, १९७८ पासून देशात नद्यांची नियमित तपासणी सुरू आहे, आज भूजल धरून चार हजारांच्या वर ठिकाणं आहेत. त्या आकड्यांमुळेच तर आपल्याला कळलं की २०१८ साली देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे होते आणि त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, देशात सगळ्यात जास्त. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर आला आणि आपला ५५ झाला. हे आपल्याला कोणी सांगितलं, त्या सरकारी नमुन्यांनीच.

पण त्यांचा माणूस येतो महिन्यातून एकदा, कुठे कुठे तीन महिन्यांतून एकदा, दिवसाउजेडी, ठरलेल्या पुलाखाली. नाल्याला रात्री अकराला लाल पाणी येतं ते त्याला दिसणार कसं? ते तुमच्या खिडकीतून दिसतं. जवळ असणं ही गावकऱ्यांची ताकद आहे आणि ती कुठल्याही लॅबकडे नाही.

कोर्टाचं सरळ सांगते. खटल्यात पुरावा म्हणून जो नमुना लागतो तो मंडळाच्या अधिकाऱ्यानेच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घ्यावा लागतो, समोरच्याला नोटीस देऊन, सील करून. तुमच्या किटचा आकडा त्याच्या जागी बसत नाही. पण तो अधिकारी कुठे, कोणत्या वारी, किती वाजता यायला हवा हे तुमची वही सांगते. अर्जासोबत दोन वर्षांची नोंद जोडलीत की "दर शुक्रवारी रात्रीनंतर शनिवारी पहाटे या नाल्याच्या खाली ऑक्सिजन पडतो आणि वर पडत नाही", तर त्या अर्जाला नुसतं "कळवण्यात येईल" म्हणून बाजूला ठेवणं अवघड जातं. अधूनमधून तोच नमुना दोन भाग करून एक मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, दोन्ही आकडे जवळपास आले की तुमच्या किटवर कोणी बोट ठेवत नाही.

इंग्लंडमधलं इल्कली गाव मला या बाबतीत फार आवडतं. तिथे वार्फ नदीत लोक, पोरंबाळं पोहतात आणि वर सांडपाणी सोडलं जातं. गावकऱ्यांनी २०१९ ला स्वतः नमुने घेऊन ई. कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूसाठी तपासून आणले, आणि मागणी काय केली तर नदीच्या त्या पट्ट्याला सरकारने आंघोळीचं ठिकाण म्हणून अधिकृत मान्यता द्यावी. कारण एकदा मान्यता दिली की उन्हाळ्याच्या हंगामात तिथलं पाणी नियमित तपासणं आणि निकाल लोकांना दाखवणं सरकारला भाग पडतं. डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली, इंग्लंडमधला तो पहिला नदीचा पट्टा. पुढच्याच वर्षी निकाल आला "खराब". नदी लगेच साफ झाली नाही, पण पाणी खराब आहे हे आता सरकारच्या कागदावर सरकारच्याच शिक्क्याने आलं, आणि पुढची सगळी भांडणं त्या कागदावर उभी राहिली.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात झेडपी शाळेत शिक्षिका आहे. गावाला मोठा मामा तलाव आहे. मुलांना घेऊन काहीतरी मोजायचंय पण किटला पैसे नाहीत.

ताई, तुमचं पत्र वाचून खरंच आनंद झाला. वाचकांपैकी पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भंडारा-गोंदियात हे हजारोंनी आहेत, कोहळी समाजाने दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले, नवेगाव बांधचा तलाव त्यातलाच. भाताला पाणी आणि ढिवरांना मासे दोन्ही त्यावरच.

तुम्हाला लागेल एक थाळी. खरंच. २० सेंटिमीटर व्यासाची सपाट पत्र्याची चकती किंवा जुनी थाळी घ्या, तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा, चकचकीत नाही तर मॅट रंग, मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि खाली वजनाला जाड नटबोल्ट बांधा. दोरीला दर १० सेंटिमीटरवर पक्क्या शाईची खूण, दोरी न ताणणारी हवी, सुतळी चालणार नाही, ती भिजली की लांबी बदलते. डोंग्यातून सावलीच्या बाजूने थाळी सोडायची, दिसेनाशी झाली की खूण धरायची, थोडी खाली नेऊन परत वर आणायची, दिसायला लागली की दुसरी खूण, दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने १८६५ ला समुद्रावर हे केलं, म्हणून सेक्की चकती म्हणतात. अमेरिकेत टाहो सरोवरावर १९६८ पासून हेच मोजतायत, आणि सरोवर किती गढूळ होत गेलं हे सगळ्या जगाला त्या चकतीनेच दाखवलं.

सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मध्ये मोजा (इथे उजेड हवा, ऑक्सिजनसारखी पहाट नको). थाळी दिसेना म्हणजे गाळ असेल किंवा शेवाळ. पाणी मातकट तपकिरी की हिरवं ते मुलांना शेजारी लिहायला सांगा. फॉस्फरस लिटरमागे साधारण ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की तळं हिरवं व्हायला लागतं, म्हणजे एवढ्याशा गोष्टीवर सगळं असतं, शेतातलं खत आणि घरातली साबणपावडर दोन्ही तिथेच येतात.

आणि एक विनंती, मुलं एकटी पाण्यात जाता कामा नयेत, डोंग्यात ढिवर काका असलेच पाहिजेत. त्यांना फक्त वल्हवायला बोलावू नका. पाण्यावर बेशरम (हे एक तण) कधी पसरली, कुठला मासा कधीपासून जाळ्यात येईनासा झाला हे त्यांना वर्षांसकट माहीत असतं. पहिल्या दिवशी त्यांचंच सांगणं वहीच्या पहिल्या चार पानांवर लिहून घ्या.

प्रश्न : टीडीएस पेन चालेल का? घरी आरओवाल्याने दिलेलं आहे.

चालेल, पण त्याचा अर्थ घरच्यासारखा लावू नका. टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध हे डोक्यात इतकं बसलंय की लोक नाल्यातही तेच लावतात. पेन फक्त विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती जाते ते मोजतं, जंतू, कीटकनाशक, तेल यातलं काहीही त्याला कळत नाही. नदीवर त्याचा खरा उपयोग शोधाशोध करायला. सह्याद्रीतल्या ओढ्याची विद्युतवाहकता सहसा दीडशे-दोनशे मायक्रोसिमेन्सच्या आत असते, सांडपाण्याच्या नाल्यात हजाराच्या आसपास किंवा वर. म्हणून काठाने चालत चालत दर शंभर पावलांवर पेन बुडवा, जिथे आकडा उडी मारेल तिथेच आसपास पाण्याखालून किंवा झुडपातून पाइप येत असतो. आमच्या ग्रुपला झाडीत लपलेलं एक तोंड असंच सापडलं. महिन्यातून एकदा १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणात पेन तपासून घ्या.

प्रश्न : बाटली काळी पडते ती जंतूंची टेस्ट करून नदीचं पाणी प्यायला चालेल का ते कळेल? (इचलकरंजीहून)

नाही. नदीचं पाणी न गाळता, न उकळता, क्लोरिन न टाकता प्यायचंच नाही, बाटली काळी पडो न पडो. एचटूएस बाटली ही टेस्ट ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ला काढली. पाणी भरून एक-दोन दिवस कोमट जागी ठेवायची, विष्ठेतले जंतू असले की काळी. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना जी किटं दिली, दर गावात पाच जणींना शिकवून, त्यात ही असते आणि ती विहीर, हातपंप, नळ यासाठी उत्तम आहे. पण विषाणू ती दाखवत नाही. तुमच्याच गावात २०१२ ला काविळीची जी साथ आली ती विषाणूची होती, ज्या घरांनी ती भोगली त्यांना हे वेगळं सांगायला नको. पंचगंगेवर ही बाटली लावलीत तर ती रोजच काळी येईल आणि तुमचे पैसे जातील, ती नळाच्या पाण्यासाठी ठेवा, पाइपलाइन फुटल्यावर आणि पहिल्या पावसानंतर आवर्जून.

प्रश्न : आमचा ओढा लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, पाणी अगदी स्वच्छ. तपासायची गरज आहे का?

सगळ्यात जास्त गरज तुमच्याकडेच आहे! खाली फेस आल्यावर आम्ही मोजायला लागलो तेव्हा आमच्याकडे "आधी कसं होतं" याचा एकही आकडा नव्हता, नुसत्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, की घाटावर एवढाले मासे यायचे म्हणून. तुमच्याकडे अजून ते "आधी" वाहतंय. उद्या वर रिसॉर्ट झाले, प्लॉटिंग झालं, तर आजची तुमची वही हाच पुरावा.

आणि तुम्हाला केमिकलही नको. दगड उचला. वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड अलगद उलटा करा आणि खालची बाजू बघा. चपट्या अंगाचे, शेपटीला दोन-तीन बारीक धागे असलेले किडे सुळकन सरकतील, काही अळ्या वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर करून बसलेल्या असतील. हे नाजूक जीव, ऑक्सिजन कमी झाला की सगळ्यात आधी जातात. नुसत्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक लाल धागे राहिले की समजायचं पाणी गेलं, त्यांच्या अंगातच ऑक्सिजन धरून ठेवायची सोय असते म्हणून ते टिकतात. दक्षिण आफ्रिकेत शाळेची मुलंसुद्धा अशा १३ गटांच्या किड्यांवरून नदीला गुण देतात. आकडा तुम्ही मोजलात त्या क्षणाचा असतो, पण तो किडा महिनोनमहिने तिथे राहिलेला असतो, मध्येच कोणी रात्री काही सोडलं असेल तर ते त्याच्या नसण्यात दिसतं. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवा, त्याखाली घर आहे कोणाचं तरी.

प्रश्न : पाण्यात हात घालायला घरचे नको म्हणतात.

बरोबरच म्हणतात. हातमोजे, गमबूट, हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी लांबून वही लिहायची. पावसाळ्यात लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या तापाचा) धोका असतो, नंतर ताप आला तर डॉक्टरांना "मी नदीच्या पाण्यात होते" हे स्वतःहून सांगा. पूर असेल तर जायचंच नाही, वहीत लिहा "पूर, मोजलं नाही".

प्रश्न : आम्ही उत्साहाने सुरू केलं, पहिल्या महिन्यात वीस जण, आता तिघं उरलोय. चालू ठेवायचं का?

तिघं पुष्कळ झाले, मनापासून सांगते. वीस जणांनी सहा महिने दहा जागा मोजल्या यापेक्षा तिघांनी दहा वर्षं दोन जागा मोजल्या तर त्याची किंमत कितीतरी जास्त. कारण आपल्या नद्या पावसाच्या तालावर चालतात, ऑगस्टचं पाणी आणि एप्रिलचं पाणी यांची तुलनाच होत नाही, तुलना करायची तर या एप्रिलची मागच्या एप्रिलशी. म्हणजे वर्षभर मोजूनही तुमच्याकडे एप्रिलचा एकच आकडा असतो, आणि त्यात एखादं वर्ष अवकाळीचं, एखादं धरणातून जास्त पाणी सोडलेलं. पाच एप्रिल जमले की कुठे नदी बिघडतेय की सुधारतेय हे बोलायला तोंड फुटतं. म्हणून जागा कमी करा, दोनच ठेवा, एक नाल्याच्या वर आणि एक खाली, मोजायच्या गोष्टीही कमी करा, पण महिना चुकवू नका.

चुकलाच तर जागा रिकामी सोडू नका आणि शून्यही लिहू नका. "मोजलं नाही" असं अक्षरात लिहा आणि कारण. आमच्या पहिल्या वहीत कोणीतरी सुट्टीच्या महिन्यांत ० लिहून ठेवलं होतं, आणि नंतर आलेख काढताना त्या महिन्यांत नदी मेलेली दिसत होती, खरं काय ते कोणालाच आठवेना, शेवटी ते महिने सोडून द्यावे लागले. एखादा आकडा विचित्र आला तर खोडू नका, शेजारी दुसऱ्यांदा मोजून तोही लिहा. आणि किट बदललंत, कंपनी बदलली, तर कोणत्या तारखेला ते वहीत लाल पेनाने लिहा, नाहीतर पाच वर्षांनी तुम्हाला वाटेल नदी सुधारली आणि प्रत्यक्षात फक्त किट बदललेलं असेल.

पानाचा फोटो त्याच दिवशी काढून तिघांच्याही फोनवर टाकायचा. आणि ज्यांनी यायचं बंद केलं त्या सतरा जणांना ग्रुपमधून काढू नका, त्यांना दर महिन्याला तो फोटो जाऊ दे. आमच्याकडे दोघी जणी अशाच तीन वर्षांनी परत आल्या, एक तर तिच्या मुलीला घेऊन, आणि आता साका हलवायची बाटली तीच मुलगी धरते.